आवाज कंपनीचा, घसा तिचा

तीर्थस्वरूप मामांस, भाच्याचा साष्टांग नमस्कार.

(साष्टांगातलं एक अंग कमी धरा. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये आहे, का ते पुढे येईलच. म्हणजे हे अक्षर डाव्या हाताचं आहे. डाव्या हाताने लिहिणारा माणूस थोडक्यात आटपेल अशी आशा तुम्ही धरली असेल तर ती इथेच सोडा.)

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कट्कन वाजतो का? मामींच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? निघाली असेल तर हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नका आणि निघाली नसेल तर त्यांच्याजवळ बसून मोठ्याने वाचू नका. त्या लगेच आईला फोन करतील, आई लगेच रडेल, आणि रडून झालं की तिकडून मला फोन करून ओरडेल. हे तिन्ही प्रकार या महिन्यात एकेकदा होऊन गेले आहेत. बाकी मी मजेत आहे, म्हणजे नाही, पण पत्रात असंच लिहायचं असतं.

सहा महिने पत्र नाही म्हणून तुम्ही रागावला असाल. पण मामा, शेवटच्या भेटीत तुम्हीच दारात उभं राहून म्हणाला होतात, की कॉलेज पुरं केल्याशिवाय या घरात पाय ठेवायचा नाही. मी तुमचा शब्द तंतोतंत पाळतोय. पत्राला पाय नसतात.

आता मुद्द्याचं. म्हणजे मुद्द्याच्या आधीचं. तुम्हाला आठवतं का, मी लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे येऊन राहायचो? तुम्ही संध्याकाळी कंपनी नोंदणीच्या कचेरीतून घरी यायचात, बूट काढायचात आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडायचात, "आज चार झाल्या!" आतून मामी विचारायच्या, "सगळ्या सुखरूप?" आणि तुम्ही म्हणायचात, "एकीचं नाव बदलावं लागलं, त्या नावाची आधीच एक आहे." मी दोन वर्षं समजत होतो की तुम्ही बाळंतपणाचे डॉक्टर आहात. शाळेत तसं सांगितलंही होतं. (त्यावरून एका मुलाशी मारामारी झाली होती. तो म्हणाला, पुरुष असं काम करत नाहीत. मी त्याचा दात पाडला. दुधाचा होता.) मग एकदा मी विचारलं, मामा, आज मेल्या किती? तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात आणि म्हणालात, "अरे, माझ्याकडे जन्माचं टेबल. मयताचं टेबल कोपऱ्यात आहे, तिथला माणूस दुपारी झोपतो."

तेव्हा मीही हसलो होतो. आता हसू येत नाही. एकतीस वर्षं तुम्ही शिक्के मारून माणसं जन्माला घातलीत, मामा. हाडं नसलेली, झोप नसलेली, म्हातारपण नसलेली. कधी विचार केलात का, ही पोरं मोठी होऊन कोणाच्या घरात शिरतील?

कॉलेज का सोडलं ते आईने तुम्हाला सांगितलंय, पण तिला मीच खोटं सांगितलं होतं. खरं असं. दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक सर होते. सतत टेबलाला टेकून उभे असायचे म्हणून त्यांना टेकूसर म्हणायचे. ते एके दिवशी म्हणाले, की कायद्याच्या नजरेत कंपनी ही व्यक्ती असते. ती मालकीण होऊ शकते, खटला भरू शकते, तिला अब्रूसुद्धा असते. मी हात वर केला. विचारलं, सर, तिची दाढ दुखते का? वर्ग हसला. सर म्हणाले, खाली बस. मी बसलो नाही. विचारलं, तिला रांगेत उभं करता येतं का, तिची आई तिला ओरडते का, आणि तिने गुन्हा केला तर तुरुंगात तिला जेवण कोण नेऊन देतं? टेकूसर त्या दिवशी पहिल्यांदा टेबल सोडून सरळ उभे राहिले आणि म्हणाले, ज्याला उत्तरं नकोत, नुसत्या टाळ्या हव्यात, त्याने बाहेर जावं. मी बाहेर गेलो. टाळ्या पडल्या, पण दार बंद झाल्यावर कळेना की त्या माझ्यासाठी होत्या की सरांसाठी. आणि एकदा बाहेर आलेल्या माणसाने आपणहून आत जायचं म्हणजे काय, नाक कापून घ्यायचं? नाही गेलो.

हे निम्मं खरं झालं. उरलेलं निम्मं असं, की कॉलेजसमोरच्या अकरा मजली इमारतीत एक लिफ्ट आहे.

हसू नका. मी त्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा शिरलो तो केवळ उन्हातून सावलीत जायचं म्हणून. दरवाजा मिटला आणि एक बाई म्हणाली, "दरवाजा बंद होत आहे." मामा, हे वाक्य आपण सगळ्यांनी हजारदा ऐकलंय. पण कोणी ते असं म्हणालं नव्हतं, की जणू दरवाजा बंद होतोय याचं तिलाही थोडं वाईट वाटतंय. मी अकराव्या मजल्यावर गेलो. खाली आलो. पुन्हा गेलो. त्या आठवड्यात मी कॉलेजात जेवढा बसलो त्याच्या तिप्पट त्या लिफ्टमध्ये उभा राहिलो. (सातव्या मजल्यावरचा 'सा' ती किंचित लांबवते. मुद्दाम सातव्यावर कोणी जात नसे, म्हणून मीच जायचो.) आठव्या दिवशी चौथ्या मजल्यावर दरवाजा उघडला, समोर लिफ्टवाल्या कंपनीची कचेरी होती, आणि टेबलामागे बसलेल्या मुलीने त्याच आवाजात विचारलं, "कोणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "तुम्हालाच." ती म्हणाली, "कामाचं बोला." अशी ओळख झाली. पुढचं मामींना विचारा, आईने त्यांना सांगितलंच असेल, वर तिखटमीठ लावून.

आता तो आवाज लिफ्टमध्ये कसा गेला ते ऐका. ती त्या कचेरीत स्वागताला बसायची. आलेल्याचं नाव विचारायचं, वहीत लिहायचं, आत सोडायचं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मॅनेजर आले आणि म्हणाले, जरा आत ये, एवढी वाक्यं वाचून दाखव. एकेचाळीस वाक्यं होती. मजले अकरा, बाकी सगळी दरवाजाची, वजनाची आणि संकटाची. तिने वाचली. शेवटी एक कागद आला, त्यावर सही केली. डबा उघडाच होता, पोळी वाळून कडक झाली होती, एवढंच तिच्या लक्षात राहिलं. कागदात काय होतं ते कोणी वाचतं का हो, मामा? तुम्ही वाचता. तुम्ही औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा वाचता.

वर्षभराने कंपनीने स्वागताच्या टेबलावर एक यंत्र आणून बसवलं. आलेल्या माणसाला ते विचारतं, "आपलं नाव सांगा." त्या एकेचाळीस वाक्यांतून घडवलेल्या तिच्याच आवाजात. यंत्र आलं म्हणून तिला काढलं. शेवटच्या दिवशी ती पिशवी भरून निघाली तेव्हा ते यंत्र म्हणालं, "धन्यवाद. पुन्हा भेट द्या." हे तिने मला सांगितलं तेव्हा ती हसत होती. मला हसता येईना. जगात माणसाच्या जागी माणूस येतो, माणसाच्या जागी यंत्रही येतं. पण स्वतःच्या जागी स्वतःलाच बसवून स्वतःला हाकलायचं, हे कोणाच्या बापाला सुचलं असतं? बाप असलेल्या कोणाला सुचलं नसतं, हेच त्याचं उत्तर.

तिने रडारड केली नाही. महिनाभरात मोठ्या रुग्णालयात नोकरी मिळवली. सातव्या मजल्यावर घोषणांची खोली आहे, तिथून रुग्णांना आणि नातेवाइकांना पुकारायचं. पहिल्याच आठवड्यात म्हणे शस्त्रक्रियेच्या दाराबाहेर बसलेली एक म्हातारी वर येऊन तिचा हात धरून म्हणाली, बाई, तू पुकारतेस तेव्हा वाटतं की सगळं बरंच होणार. आणि दुसऱ्या आठवड्यात कंपनीची नोटीस आली. सदर आवाज ही कंपनीची मालमत्ता असून तो अन्यत्र कामासाठी वापरता येणार नाही.

सदर आवाज! मामा, तो तिच्या गळ्यात आहे. ती दुसरा कुठून आणणार? रुग्णालयातही त्याच कंपनीच्या लिफ्ट. तिथल्या व्यवस्थापक बाई भल्या आहेत पण भित्र्या. त्या म्हणाल्या, एक तारखेच्या सोमवारपर्यंत कंपनीकडून हरकत नाही असं पत्र आण, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. तेव्हापासून पुकारणं सोडलं तर ती कुजबुजून बोलते. भाजीवाल्याकडे बोटाने दाखवून भाजी घेते. तिला वाटतं, कोणी ऐकलं तर. मी म्हटलं, वेडी आहेस का, बोलायला बंदी नाही. ती कुजबुजत म्हणाली, "तू वाचलीस का नोटीस? मी वाचली. यावेळी सगळी वाचली."

मग माझं डोकं फिरलं. (ते फिरतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. आई म्हणते मामावर गेलंय, मामी म्हणतात ताईंवर गेलंय.) मी ठरवलं, ही कंपनी जर व्यक्ती आहे तर तिला समोरासमोर भेटायचं. गेलो चौथ्या मजल्यावर. यंत्राने गोड आवाजात नाव विचारलं. मी सांगितलं. कोणाला भेटायचंय? म्हटलं, कंपनीला. "आपण म्हणालात, कंपनी. कृपया पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं. "आपण म्हणालात, कंपनी. कृपया पुन्हा सांगा." पंधरा मिनिटं मी त्या यंत्राशी भांडलो. आवाज तिचा, त्यामुळे धड शिवीही देता येईना. आमचं दोघांचं पहिलं भांडण ते, आणि त्याला ती हजरच नव्हती.

शेवटी आतून मॅनेजर आले. पन्नाशीचा, ढेरपोट्या, घाबरट डोळ्यांचा माणूस. मी त्यांच्या खोलीत बसून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या हातात असतं तर आत्ता लिहून दिलं असतं." मग कोणाच्या हातात आहे? "कंपनीच्या." आणि कंपनीला हात कुठे आहेत? ते म्हणाले, "तसं नाही बाळा. निर्णय वरून येतो." वर म्हणजे पाचवा मजला का? पाचव्यावर दातांचा दवाखाना आहे. वरच्यांना फोन लावला, वरचे म्हणाले आमच्याही वर आहे. कुणाची म्हैस अन् कुणाला उठबैस! सगळे नम्र, सगळे हळहळणारे, सगळ्यांच्या घरी मुलीबाळी. वाईट माणूस एकही नाही आणि वाईट काम मात्र चोख. असा सज्जनांचा मेळावा मी जन्मात पाहिला नव्हता.

जेवणाची वेळ झाली म्हणून मॅनेजर उठले. मी बोलत बोलत त्यांच्या मागे लिफ्टमध्ये शिरलो. दरवाजा बंद होत असल्याचं ती म्हणाली. मॅनेजर मला समजवायला म्हणाले, "आवाजाचं एवढं काय घेऊन बसलास? आवाज म्हणजे काही माणूस नव्हे." मामा, हात उगारणार नाही अशी आईने मला शपथ घातलीय, म्हणून मी त्यांना मारलं नाही. बटणांच्या पट्टीला मारलं. बटण आत गेलं ते बाहेर आलं नाही, माझ्या मनगटातलं एक हाड बाहेर आल्यासारखं झालं, आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये गचकन थांबली.

"घाबरू नका. आपण सुरक्षित आहात. मदत येत आहे."

हे वाक्य दर दोन मिनिटांनी येतं. आम्ही सव्वा तास आत होतो, हिशेब तुम्हीच करा. पहिली दहा मिनिटं मॅनेजर माझ्यावर ओरडले, नंतरची दहा माझ्या हाताकडे बघून हळहळले, मग घामाघूम होऊन कोपऱ्यात खाली बसले. त्यांनी कॉलर सोडली आणि म्हणाले, की त्यांना बंद जागेची भीती वाटते. सतरा वर्षं, म्हणजे या कंपनीच्या जन्माआधीपासून, लिफ्ट विकतायत आणि स्वतःच्या घरी पाच मजले जिन्याने चढतात. मी त्यांना रुमालाने वारा घातला. (डाव्या हाताने. सवय तिथूनच लागली.) पुन्हा ती म्हणाली, घाबरू नका. मॅनेजर डोळे मिटून म्हणाले, "हे वाक्य सावकाश वाच असं मीच तिला सांगितलं होतं. बरं वाटतं रे. खरंच बरं वाटतं." मी विचारलं, मग तिला काढलीत कशी? काढल्याच्या कागदावर सही तुमचीच आहे. त्यांनी डोळे उघडले. मग म्हणाले, की वडील आजारी होते म्हणून ते तीन आठवडे रजेवर होते. काम अडू नये म्हणून कंपनीने त्यांच्या सहीचा शिक्का करून घेतला होता. परत आले तेव्हा त्यांनी ऐंशी कागदांवर सह्या केलेल्या होत्या. त्यातला एक तिचा. "वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख आहे," असं म्हणाले, आणि वरून तिचं वाक्य पुन्हा आलं.

त्या माणसाचा मला राग यायला हवा होता. आला नाही, याचाच राग आला.

हाताला प्लास्टर घालून मी तडक पोलीस ठाण्यात गेलो. आवाजाची चोरी झालीय म्हटलं. हवालदार सुस्वभावी होते. त्यांनी विचारलं, "आवाज गेला का तिचा?" नाही. "तिच्याकडेच आहे?" हो. "मग चोरी कसली?" मी म्हटलं, तिच्याकडे आहे पण तिचा नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, बरं, आरोपीचं नाव? सांगितलं. वय? बारा. "अल्पवयीन आहे!" वडिलांचं नाव? ठाऊक नाही. उंची, बांधा, अंगावरची खूण? मी म्हटलं, साहेब, कंपनी आहे. ते हताशपणे म्हणाले, "अरे, मग तुला बसवता येईल, तिला कशी बसवू? कोठडीचं दार केवढं!"

आणि बसवलं हो मलाच. दुपारी चार ते सहा, बाकावर. कारण माझ्या आधीच कंपनीचा वकील येऊन तक्रार नोंदवून गेला होता. बटणांची पट्टी मोडली ते ठीक, मोडली. पण खाली अशीही नोंद होती, की माझा आरडाओरडा इमारतीत ऐकू गेल्यामुळे कंपनीच्या अब्रूला इजा पोहोचली. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही वकिलाच्या अक्षरात! मी म्हटलं, माझ्या अब्रूलाही पोहोचलीय, लिहून घ्या. हवालदारांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "तुझी कुठे नोंदवलीय?"

त्या बाकावर मी दोन तास विचार केला, मामा. कॉलेजात दोन वर्षांत केला नव्हता एवढा. लोक म्हणतात कंपन्यांना माणसांसारखे हक्क देऊ नका. मी म्हणतो, द्या. पण मग पुरते द्या. अब्रू दिलीत ना, तर लाजही द्या. मालमत्ता दिलीत तर मुतखडाही द्या. खटला भरायचा हक्क दिलात तर तारखेला उपाशीपोटी येऊन बाकावर ताटकळायचाही द्या. तुमचा गुडघा द्या. तिला वडील द्या, आणि ते आजारी पडू द्या, आणि तिला रजा मिळू नये. तिने एकदा तरी कोणाच्या तरी आवाजासाठी अकरा मजले वर-खाली करावं आणि चौथ्यावर कोणी तिला म्हणावं, कामाचं बोला. आणि शेवटी, सगळ्यांना मिळतो तो हक्क तिलाही मिळावा. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या त्या झोपलेल्या माणसाला कोणीतरी हलवून जागं करावं. मरण नसलेल्याच्या हातात नोटीस देणं म्हणजे काय, हे तुम्हाला कळतं का? ती वाट बघू शकते. आम्हाला सोमवारपर्यंतच वेळ आहे.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. मॅनेजरच्या खोलीत खुर्चीमागे भिंतीवर एक चौकट टांगलीय. कंपनीचा जन्मदाखला. मी त्यांच्याशी भांडत होतो आणि नजर सारखी तिकडे जात होती. खाली सही आहे, आणि सहीला शेपूट आहे, उंदीर बिळात शिरल्यावर बाहेर राहते तशी. ती शेपूट मी माझ्या प्रगतिपुस्तकावर पाहिलीय, वडील परगावी असताना तुम्ही करायचात तेव्हा. तारखेवरून मी नऊ वर्षांचा होतो आणि सुट्टीत तुमच्याचकडे होतो. तुम्ही त्या संध्याकाळी घरी येऊन नक्की ओरडला असाल, आज इतक्या झाल्या. आणि मामींनी विचारलं असेल, सगळ्या सुखरूप?

मॅनेजरला मी सांगितलं नाही की हे माझे मामा. पहिल्यांदाच असं झालं. एरवी मी कुठेही सांगतो.

असो. तुम्ही काय, शिक्का मारलात. तुमच्या हातात असतं तर मारला नसतात. हे वाक्य मला आता पाठ झालंय.

तर मामा, शेवटचं. कंपनीने निरोप धाडलाय की मी लेखी माफी मागावी. मी मागणार नाही. हात मोडला, मोडो. मान मोडली तरी ती वाकणार नाही. आणि तुमच्याकडेही काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या. फक्त कळावं म्हणून लिहिलं.

मामींना नमस्कार (पट्टीतून दिसेल एवढाच). गुडघ्याला जपा. जिने चढू नका.

तुमचा, कुठेही नोंद नसलेला,
भाचा

ता. क. सोबत एक अर्ज जोडला आहे. त्यावर दोन ठिकाणी सही करून, शेपटीसकट, गुरुवारच्या आत उलट टपाली पाठवा. घाबरू नका, सगळं वाचा, हवं तर दोनदा वाचा. झालं असं, की मी हवालदारांचं ते वाक्य तिला सांगितलं, तुझी कुठे नोंदवलीय. ती रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसली होती. आधी हसली, महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्याने, मग हसू आवरून म्हणाली, "मग नोंदवू या." ती स्वतःची कंपनी काढतेय. तिच्या आवाजाची. माणसाशी बोलायला लिफ्टवाल्यांना सवड नव्हती. कंपनी होणार म्हटल्यावर त्यांच्या वकिलाने तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि अहो-जाहो केलं. कंपनी कंपनीला हरकत नसल्याचं पत्र द्यायला तयार आहे, दाखला हातात आला की झालं. संचालक दोन लागतात. मला घ्यायला ती तयार नाही. म्हणते, संचालक म्हणजे सही करण्याआधी वाचणारा माणूस, तू वाचण्याआधी भांडतोस. मी म्हटलं, असा एकच माणूस माझ्या ओळखीत आहे. ती म्हणाली, "ज्यांनी ती लिफ्टवाली जन्माला घातली तेच?" म्हटलं, हो. म्हणाली, "बरंच झालं. अनुभवी आहेत."

ता. क. दुसरा. माफी मागून झाली. कालच. हरकत नसल्याच्या पत्राच्या बदल्यात त्यांची तेवढीच अट होती. सहा ओळी वकिलाने सांगितल्या, मी डाव्या हाताने लिहिल्या. 'कंपनीच्या भावना दुखावल्याबद्दल' अशी सुरुवात आहे. शिवाय त्या कंपनीच्या लिफ्टमध्ये यापुढे पाऊल ठेवणार नाही, हेही लिहून दिलंय. तिला यातलं काही ठाऊक नाही, तुम्ही बोलू नका. घोषणांची खोली सातव्या मजल्यावर आहे हे वर आलंच आहे. मी जिन्याने जातो. पाचव्या मजल्यावर दम लागतो तेव्हा भिंतीपलीकडून लिफ्ट वर जाते आणि तिचा आवाज पुसट ऐकू येतो. मजला कळत नाही.

ता. क. तिसरा, आणि खरा. आज सातव्यावर पोहोचलो तेव्हा ती घोषणा करत होती. कोणा अनोळखी माणसाचं पूर्ण नाव, दोनदा, सावकाश, सगळं बरंच होणार अशा सुरात. मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हटलं, एकदा माझंही नाव घे ना. माईकवर नको, असंच, माझ्याशी. एवढ्या दिवसांत तिने मला 'ए' नाहीतर 'अरे' म्हणूनच हाक मारलीय. ती म्हणाली, "आवाज आता माझा राहिला नाही रे, कंपनीचा झालाय. माझ्या हातात असतं तर घेतलं असतं." मी ती हसण्याची वाट पाहिली. पुढच्या रुग्णाचा कागद आला आणि ती त्याला पुकारायला वळली. मामा, कंपनी अजून जन्मलीसुद्धा नाही. तुमची सही व्हायचीय. तरी मी विनंती करतो, हात जोडून, म्हणजे एक हात प्लास्टरला जोडून. सही कराल तेव्हा तुम्ही दुसरे संचालक व्हाल. पहिल्याच बैठकीत एक ठराव मांडा, की तिने एकदा माझं नाव घ्यायला कंपनीची हरकत नाही. पूर्ण नाव नको, घरचं चालेल.